हवामानबदलाचा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा असह्य झाला किंवा तासाभराच्या पावसात रस्ते तुंबले, की हवामानबदलाची चर्चा सुरू होते आणि पाऊस ओसरला की तीही ओसरते. शिवाय ही चर्चा पुष्कळदा चुकीच्या वाटेने जाते. डिसेंबरात चार दिवस पारा उतरला, की ‘कुठे आहे तुमची तापमानवाढ?’ असे विचारले जाते; पण चार दिवसांची थंडी ही एक नोंद आहे आणि हवामान बदलले की नाही, हे निदान तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी पाहून ठरते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. कोळसा आणि खनिज तेल जाळत राहिल्याने आज ते ४२० च्या वर गेले आहेत. जमिनीतून परत अवकाशात जाणारी उष्णता हा वायू अडवतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सियसने अधिक उष्ण होते.

दीड अंशाने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. हवा एका अंशाने तापली की बाष्प धरून ठेवण्याची तिची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. आपल्याच पुण्यातील पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०१९ मधील आंबिल ओढ्याचा पूर केवळ हवामानबदलाने आला, असे म्हणता येणार नाही. ओढ्याचे पात्र अरुंद करण्यात माणसाचाच हात होता. मात्र अरुंद पात्र आणि वाढती अतिवृष्टी एकत्र आली की काय होते, हे त्या रात्री पुण्याने पाहिले आहे.

सामान्य माणसाने काय करावे, याचे उत्तर बहुधा दिवे बंद करा, झाडे लावा एवढ्यावर संपते. माझ्या मते पुण्यापुरते खरे उत्तर सहकारी गृहरचना संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आहे, कारण गच्ची, पाण्याचे पंप, लिफ्ट, कचरा आणि आवार यांविषयीचे निर्णय एकटे घर घेऊ शकत नाही. या सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाच्या असतात. तेथे पार्किंगवर दोन तास वाद होतो, गच्चीवरच्या सौरऊर्जेचा विषय मात्र ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला जातो. आपल्याकडील एक युनिट विजेमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दहा किलोवॉटचा संच पुण्याच्या उन्हात वर्षाला साधारण १४ हजार युनिट देतो, म्हणजे जवळजवळ दहा टन उत्सर्जन टळते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक वापराच्या संचासाठी दर किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदानही जाहीर झालेले आहे.

कचऱ्याचे मोल याहून कमी समजले जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. भाजीची देठे, चहाचा चोथा, शिळे अन्न डेपोच्या ढिगाऱ्यात दबले की हवेअभावी कुजते आणि त्यातून मिथेन निघतो; वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता अडवतो. दुसरीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की अनेक आवारांत तोच पालापाचोळा कोपऱ्यात लोटून पेटवला जातो. वस्तुतः या दोहोंना एकमेकांची गरज आहे. जाळीच्या किंवा भोके असलेल्या हौदात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा सगळे वरखाली करावे. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाला घालावा. दोन-अडीच महिन्यांत ओल्या मातीच्या वासाचे काळे खत हाती येते. गांडूळखत, पर्जन्यजलसंचय, सौरऊर्जा यांसाठी महापालिका मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते; सवलतीपुरता हौद बांधून तो कोरडा ठेवणे ही मात्र शुद्ध फसवणूक आहे.

आवारातील जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याची पद्धतही थांबली पाहिजे. मुळांना ना पाणी मिळते ना हवा, आणि आवारात पडलेला सगळा पाऊस थेट रस्त्यावर येतो. दहा रोपांसोबत छायाचित्र काढण्यापेक्षा एका जुन्या वडाभोवती मोकळे आळे ठेवणे अधिक मोलाचे आहे.

भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, मग आपणच का, असा प्रश्न कोणी विचारील. श्रीमंत देशांची जबाबदारी मोठी आहे, हे निर्विवाद. परंतु दोन मोटारी आणि तीन वातानुकूलन यंत्रे असलेले पुण्यातील घर देशाच्या सरासरीत जगत नाही.

सभेची नोटीस किमान चौदा दिवस आधी निघते. त्यापूर्वीच सभासदांनी हे विषय सचिवांकडे लेखी द्यावेत आणि सामाईक मीटरची वर्षभराची बिले सभेत मांडण्याची मागणी करावी, म्हणजे चर्चा आकड्यांवर होईल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे