घंटा वाजवली, पण परमिटचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फॉरेन एज्युकेशनच्या ज्या जाहिराती येतात त्याबद्दल लिहितोय. परवाच एक बघितली, मोठ्या अक्षरात 'कॅनडा, शिक्षणानंतर ३ वर्षं वर्क परमिट'. खाली बारीक अक्षरात अटी वगैरे काही नाही. २०२३ च्या दिवाळीत अशीच एक जाहिरात कापून खिशात घालून मी मुलाला एफसी रोडच्या एका कन्सल्टंटकडे घेऊन गेलो होतो.

तिसरा मजला, भिंतभर जगाचा नकाशा आणि टेबलाशेजारी टांगलेली पितळी घंटा. ज्याचा व्हिसा येईल त्याने ती वाजवायची आणि सगळ्या स्टाफने टाळ्या. आमच्या समोरच एका मुलीने वाजवली, तिच्या आईचे डोळे भरून आले आणि खरं सांगतो, मी तिथेच विरघळलो. मग मी विचारलं काय, तर थंडी किती असते, कुकर नेता येतो का, गोडा मसाला कस्टमवाले काढून घेतात का. वर्क परमिटचं विचारल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, सरकारी यादीत कॉलेजच्या नावापुढे 'यस' लिहिलेलं दाखवलं आणि विषय संपला. तो 'यस' कॉलेजचा होता, आमच्या मुलाच्या कोर्सचा नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं.

झालं असं की कॉलेज सरकारी पण त्याचं मूळ गाव कुठेतरी लांब, आणि टोरोंटोजवळचे वर्ग एक प्रायव्हेट संस्था चालवते, अभ्यासक्रम आणि सर्टिफिकेट मात्र सरकारी कॉलेजचं. असल्या भागीदारीतला कोर्स १५ मे २०२४ पासून पुढे जो कोणी सुरू करेल त्याला नंतर वर्क परमिट नाही, असा नियम तिकडच्या सरकारने केला. आमचं सप्टेंबर २०२४. बातमी वाचून मी कन्सल्टंटला फोन केला तर म्हणे काका टेन्शन घेऊ नका, तुमची फी आधीच भरलीये, तुम्हाला जुना नियम. अहो फी कधी भरली ते तिथे कोण विचारतंय, वर्गात कधी बसलात ते बघतात.

मुलाला हे नोव्हेंबरमध्ये रूममेटकडून कळलं. म्हणाला बाबा, कॉलेज बदलतो. पण ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिट (शिकण्याचा परवाना) काढावं लागतं, आणि १ नोव्हेंबरपासून जो स्टडी परमिटचा अर्ज करेल त्याला कॉलेजच्या डिप्लोमानंतर वर्क परमिट हवं तर ठरलेल्या विषयांची यादी लागू, म्हणजे शेती, आरोग्य, टेक्निकल, ट्रान्सपोर्ट असले. त्याला जागा मिळत होती बिझनेस मॅनेजमेंटला, ते यादीत नाही. आगीतून फुफाट्यात. युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला ही यादी लागत नाही पण ती फी आमच्या आवाक्यातली नव्हती, आधीच २०,६३५ कॅनेडियन डॉलरची जीआयसी, म्हणजे तिकडच्या बँकेत आगाऊ ठेवायची ठेव, साडेबारा लाखांच्या आसपास (ते पैसे तिकडे राहण्याखाण्यासाठी परत मिळतात, मान्य, पण उभे तर आधी करावे लागतात) आणि फीसाठी राहत्या फ्लॅटवर कर्ज. जानेवारीत परत आला. आता चाकणला जातो, सकाळी सहाची कंपनीची बस, आणि हप्ता आम्ही दोघं मिळून भरतो.

कॅनडाच वाईट असं मी म्हणत नाही. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी युनिव्हर्सिटीत सोळा महिन्यांचं मास्टर्स करून डिसेंबर २०२४ मध्ये पास झाली, तिला पूर्ण ३ वर्षं मिळाली, कारण मास्टर्स दोन वर्षांपेक्षा लहान असलं तरी ३ वर्षं देतात, हा नियम पण २०२४ मधलाच. तिने दोन गोष्टी वेळेत केल्या. परमिट पासपोर्टच्या तारखेपुढे देत नाहीत म्हणून पासपोर्ट आधीच रिन्यू केला, आणि आता परमिटच्या अर्जाला इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल जोडावा लागतो म्हणून आयईएलटीएस परत दिली, जाण्याआधी दिलेली दोन वर्षांत बाद होते. हे तिला सांगितलं सीनियरने, कन्सल्टंटने नाही. ब्रिटनला पाठवणाऱ्यांनी पण बघून ठेवा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर पीएचडीवाले सोडून बाकीच्यांना शिक्षणानंतर कामासाठी २ वर्षांऐवजी १८ महिनेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे घेताना पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव, वर्ग जिथे भरणार तिथला पत्ता, आणि हा कोर्स आजच्या तारखेला परमिटला चालतो की नाही, हे तिन्ही लिहून खाली सही करा. माझ्या पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' एवढे दोनच शब्द आहेत, ते घेऊन कुठे जाऊ? आणि तुम्ही सुद्धा जाहिरात घेताना ३ वर्षं कोणत्या कोर्सला ते छापायला लावा की. पानभर नकाशा छापता, त्यात दोन ओळी मावतील.

पत्राखाली माझं नाव छापू नका ही विनंती. शेजारच्या काकूंना अजून मुलगा सुट्टीवर आलाय असंच सांगितलंय.

– एक पालक, कोथरूड, पुणे