नर्सरीवाल्या काकांना, एका हॉवर्थियाबद्दल

काका, सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे हॉवर्थियाचं, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या छोट्या शोभेच्या झाडाचं, नवं रोप घ्यायला आले होते आणि तुम्ही ते विकलं नाहीत. "आधी जुनं घेऊन या ताई, मग बघू," म्हणालात. त्याबद्दल मनापासून आभार. रत्नागिरीच्या पावसात अशी रोपं जपणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल, म्हणून पत्र उघडच लिहिते आहे.

शिकायला बाहेरगावी जाताना मुलीने ते जुनं रोप माझ्या हवाली केलं होतं. गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढरे आडवे पट्टे, सगळं रोप ओंजळीत मावेल एवढं. पाऊस लागला तशी खालची पानं पिवळी, मऊ पडायला लागली. जो तो सांगे, उन्हात ठेवा. तुम्ही मात्र रोप कुंडीतून अलगद उपसलंत आणि मुळांभोवतीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा बोटांनी दाबून दाखवलात. वरून कोरडा वाटणारा तो गोळा आत निथळत होता. रोप आलं तेव्हापासून त्यातच होतं.

काळी, पिचपिचीत मुळं तुम्ही कापलीत, पांढरी ताठ तेवढी राखलीत. मग रोप वर्तमानपत्रावर सावलीत चार-पाच दिवस तसंच उघडं ठेवायला सांगितलंत. मातीवाचून रोप ठेवायचं म्हणजे जिवावर येतं हो! पण कापलेली जागा सुकली नाही तर कुजणं पुन्हा तिथूनच सुरू होतं, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलंत की धीर आला. मिश्रणही तुम्हीच करून दिलंत: चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चाळलेला चुरा आणि जाड वाळू जास्त, माती-शेणखत अगदी थोडं. वाळू नदीची हवी, समुद्राची खारी चालायची नाही, हे बजावलंत. पैसे घेतलेत ते फक्त मातीच्या कुंडीचे.

हे रोप मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातलं, आपल्या कोरफडीच्या कुळातलं. तिथे ते झुडपांच्या, खडकांच्या आडोशाला वाढतं, म्हणून दुपारचं थेट ऊन लागलं की पानं तांबूस पडतात. पाणी पानांत साठवतं आणि पानांवरची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, बहुतेक रात्रीच उघडतं, त्यामुळे त्याचा पाण्याचा खर्च मुळातच कमी. आपल्याकडे जुलैत भिंतींनासुद्धा ओल येते, तिथे त्याला वरून पाणी ते कितीसं लागणार!

"वार बघून पाणी घालू नका, पान बघून घाला," हे तुमचं वाक्य मी घरात सगळ्यांना पाठ करून घेतलं आहे. तहानलेलं पान बारीक होतं, आत वळतं, पण घट्ट राहतं; कुजणारं पान बोटाखाली दबतं. हा फरक तुम्ही माझा हात धरून शिकवलात. गिऱ्हाईक आयतं दारात आलेलं असताना एवढा वेळ कोण देतं?

आता बुडाशी पिल्लं आली आहेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कुंडीच घेऊन येते. पिल्लाला स्वतःची मुळं किती फुटली की वेगळं करायचं, ते समोर दाखवा. त्यातलं पहिलं पिल्लू तुमचं.

आपली कृतज्ञ,
मुलीचं रोप सांभाळणारी ताई