मराठी अक्षरे यंत्राने कशी मोजावीत?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्ज, तक्रारी आणि मोबाइलवरील संदेश यांना हल्ली सर्रास अक्षरमर्यादा घातलेली असते. परंतु ती मोजण्याची यंत्राची रीत मराठी लिहिणाऱ्याच्या मुळावर येते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीसमोर तुंबणाऱ्या गटाराची तक्रार एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदवली. '५०० अक्षरे' ही सूचना पाळून, काटछाट करून लिहिलेला मजकूर निम्म्याहून थोडा पुढे जाताच तुटला आणि मुख्य मागणीच बाहेर राहिली. आपण 'ज्येष्ठ' हा शब्द दोन अक्षरी म्हणतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्या संगणकात साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, मात्र ज, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), य, मात्रा, ष, पुन्हा हलन्त आणि ठ अशी सात चिन्हे साठवली जातात आणि यंत्र तेवढीच मोजते. 'स्त्री' या एका अक्षराची चिन्हे सहा भरतात. 'दऱ्या'मधला अर्धा र तर दोन तऱ्हांनी टंकता येतो आणि त्यांतल्या एका तऱ्हेत न दिसणारे जोडचिन्ह मध्ये येत असल्याने, पडद्यावर तंतोतंत सारखा दिसणारा शब्द एकाचा पाच चिन्हांचा, तर दुसऱ्याचा सहा चिन्हांचा होतो. जिथे चिन्हांऐवजी बाइट, म्हणजे संगणकातील साठवणीचे एकक, मोजतात तिथे विचारूच नये, कारण युनिकोडची चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. एसएमएसचेही तेच: एका संदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची अवघी ७०.

अक्षर मोजणे आपल्याला नवे नाही. मोठ्या अभंगाचा चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा असतो, आणि पोथ्या नकलणारे लेखक गद्यसुद्धा बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' या मापाने मोजत. त्या मोजणीत जोडाक्षर एकच धरले जाई. मग आज ते तीन-चार का व्हावे?

शब्दमर्यादा त्यातल्या त्यात बरी, तरी तीही निर्दोष नाही. शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याच्या नियमामुळे 'घरासमोरच्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द ठरतो. निबंध लिहिणाऱ्याचा त्यात फायदा असला, तरी मराठी मजकुराच्या शब्दांवर मानधन घेणाऱ्या अनुवादकाचे नुकसानच होते.

यावर उपाय उपलब्ध आहे. वाचकाला एक वाटणारे अक्षर एकच मोजण्याचे नियम युनिकोडनेच घालून दिले असून, जोडाक्षर न तोडण्याचा नियम २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीलाही लागू झाला आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा आहे; मराठीतून अर्ज घेणाऱ्या शासकीय कार्यालयांनी आणि महापालिकेने ही मोजणी स्वीकारणे एवढी साधी अपेक्षा त्यातूनच निघते. ते होईपर्यंत मराठी मजकुरासाठी मर्यादा निदान दुप्पट करावी आणि किती चिन्हे उरली हे टंकतानाच दाखवावे. अर्धवट तोडलेल्या मजकुरावर 'आपली तक्रार नोंदवली आहे' असा निरोप तरी धाडू नये.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
गिरगाव, मुंबई