प्लेटा मुरवायला लागतात

सांगली,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तुझं बोलणं अर्धवटच राहिलं. भाच्याने मोटारसायकलला 'पाण्यावर चालणारं' किट (विजेने पाणी फोडून निघालेला गॅस इंजिनात सोडणारं) बसवायचं मनात घेतलंय, आणि विकणारा म्हणतो की सगळी करामत प्लेटांच्या कंडिशनिंगमध्ये, म्हणजे पाण्यातल्या स्टीलच्या प्लेटा वीज देऊन मुरवण्यात आहे. तू म्हणालास, बाळू, तू गॅलरीत तीन महिने बुडबुडे काढत बसला होतास, ते एकदा नीट लिहून पाठव. घे.

कंडिशनिंग थोतांड नाही, हे आधी सांगतो. थोतांड पुढे येतंय.

तुझ्याच वर्कशॉपमधून आणलेल्या 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या, 10 बाय 5 सेंटिमीटरच्या, मधे 3 मिलिमीटरची फट. काचेची बरणी, डिस्टिल्ड वॉटर, त्यात 10 टक्के कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. (मीठ अजिबात नको, भाच्याला बजाव. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो.) पहिल्या दिवशी अडीच अँपिअरला 2.35 व्होल्ट लागले. बुडबुडे मोठे आणि ऐदी, प्लेटेला चिकटून बसायचे, हलायचं नाव नाही. मी पट्ट्या पुसून, चांगल्या हाताळून बसवल्या होत्या. बोटांचं तेल लागतं, हे डोक्यातच आलं नाही.

मग सगळं उचकटलं. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने तिरक्या रेघा मारल्या, आधी एका बाजूने, मग उलट्या. भांड्यांच्या साबणाने धुतल्या आणि कडेला धरून परत बसवल्या. रोज अर्धा तास 1 अँपिअर, अर्धा तास बंद, असं चार-पाच वेळा. पहिल्या आठवड्यात पाणी चक्क कोऱ्या चहासारखं झालं आणि तळाला तांबूस गाळ बसला. ते काढून नवं भरायचं, परत तेच. तिसऱ्या आठवड्यात गाळ थांबला. ॲनोडवर, म्हणजे धन टोकाच्या प्लेटेवर, मधाच्या रंगाची झाक आली, पुसून न जाणारी. बुडबुडे इतके बारीक की प्लेटेतून धूर निघतोय असं वाटावं. त्याच अडीच अँपिअरला आता 2.1 व्होल्ट.

पाव व्होल्टसाठी तीन आठवडे! हिला दाखवलं तर म्हणाली, नवा बिडाचा तवा आणला की आई आठवडाभर तेल लावून कांदा चोळायची, तेव्हा कुठे घावन सुटायचं. तुझं त्याहून वेगळं काय आहे? खरंच फार वेगळं नाही. पाणी तेच राहतं, बदलतो तो धातूचा वरचा पापुद्रा. 316 मध्ये साधारण 16 ते 18 टक्के क्रोमियम आणि 10 ते 14 टक्के निकेल. ॲनोडवर क्रोमियम पाण्यात उतरतं, बरंचसं लोखंड गाळ होऊन खाली बसतं, आणि मागे निकेलच्या हायड्रॉक्साइडचा थर उरतो, त्यात थोडं लोखंड मुरलेलं. त्या थोड्या लोखंडाचीच गंमत आहे. 1987 साली कॉरिगन नावाच्या संशोधकाने दाखवलं, की निकेल ऑक्साइडमध्ये लोखंडाचा नुसता अंश असला तरी ऑक्सिजन निघणं सोपं होतं. म्हणजे आपण ज्याला भेसळ म्हणतो तीच इथे कामाला येते.

एकदा लाइट जाऊन आली आणि मी घाईत तारा उलट जोडल्या. ॲनोडचा कॅथोड झाला, झाक काळवंडून पापुद्रे सुटले. परत पहिल्यापासून.

आणि एक गाढवपणा. पहिली बरणी मी मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. पाण्यावर जी पिवळट छटा होती ती क्रोमेटची, म्हणजे विषारी सहा-संयुजी क्रोमियम, शिवाय वर कॉस्टिक. मोगरा चार दिवसांत गेला. आता तसलं पाणी कॅनमध्ये साठवून ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे देतो, त्याच्याकडे प्रक्रियेची सोय आहे.

आता भाच्याचं. मापाचं नळकांडं उलटं धरून गॅस मोजला. अडीच अँपिअरला तासाला एक लिटरहून थोडा जास्त हायड्रोजन. मुरवण्याआधीही तेवढाच, नंतरही तेवढाच! किती गॅस निघणार हे करंट ठरवतो, फॅरेडेने 1830 च्या दशकातच सांगून ठेवलंय. मुरवल्याने तेवढ्याच गॅसला वीज कमी लागते, बस्स. बाहेरून उष्णता न घेता पाणी फोडायला 1.48 व्होल्ट लागतात, मी 2.1 घालतो, म्हणजे 100 रुपयांतले 70 हातात. तो गॅस परत इंजिनात जाळला की त्यातलेही बहुतेक सायलेन्सरमधून आणि उष्णतेत जाणार. आणि ती वीज कुठून? गाडीच्याच पेट्रोलमधून.

या सगळ्यातला गाजलेला माणूस अमेरिकेतला स्टॅनली मेयर. पाण्यावर बग्गी चालवतो म्हणायचा. 1996 साली ओहायोच्या कोर्टाने त्याला फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करायला लावले. त्याचे भक्त अजून प्लेटांच्या जागी वापरलेल्या नळ्यांवरचा पांढरा थर कौतुकाने दाखवतात. मी हट्टाने आमच्या बोअरचं पाणी घालून पाहिलं. दोन दिवसांत कॅथोड पांढरा. चाकूने खरवडलं, व्हिनेगर टाकलं, फसफसलं. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार.

भाच्याला करायचंच असेल तर एक बरणी करू दे, गाडीला हात लावू नको म्हणावं. गॉगल हवाच, आणि गॅस साठवायचा नाही. मी एकदा तो गॅस साबणाच्या पाण्यात सोडून आलेला मूठभर फेस काडीने पेटवला, संध्याकाळपर्यंत कान वाजत होता.

दिवाळीत येतोस ना? येताना निकेलची जाळी वीतभर मिळाली तर बघ, आणि नट-बोल्ट 316 चेच आण, मागचे गंजले. नवा मोगरा लावलाय, यावेळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू