टीप ज्याला दिली, त्याच्याच हाती पडेल असा कायदा करा

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: हॉटेलांतील टीप आणि सेवाशुल्क कामगारांपर्यंत पोहोचावं यासाठी कायदेशीर तरतूद करण्याबाबत.

महोदय,

जेवून उठताना टीप ठेवावी का, आणि ठेवायची तर किती, हे नात्यातले आणि ओळखीतले लोक मला नेहमी विचारतात. उमेदीची वर्षं मी हॉटेलात काढली. आधी हेल्पर, मग वेटर, पुढे कॅप्टन. त्यामुळे या प्रश्नाचं पक्कं उत्तर माझ्याकडे असणार, असं त्यांना वाटतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. वाढणाऱ्याने मन लावून वाढलं असेल, तर बिलाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. परवडत नसेल तर ठेवू नका, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. आणि जे द्याल ते रोख, वाढणाऱ्याच्या हातात द्या. यातलं शेवटचं वाक्य सांगावं लागतं, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ग्राहकाची बाजू सरकारने बरीच मार्गी लावली आहे. बिलात सेवाशुल्क परस्पर लावायचं नाही, दुसऱ्या नावाखाली वसूल करायचं नाही, ते न देणाऱ्याला अडवायचं नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वं कायम ठेवली आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला. हा निकाल मला योग्य वाटतो. दोन हजारांच्या बिलावर दहा टक्के म्हणून दोनशे रुपये आधीच चढवायचे, मग बावीसशेवर पाच टक्के जीएसटी लावायचा, म्हणजे शंभराऐवजी एकशे दहा रुपये कर झाला. गिऱ्हाइकाने दिलेल्या बक्षिसावर कर लागला आणि ते बक्षीस द्यायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण या सगळ्या वादात ग्राहक बोलला, मालक बोलले, प्राधिकरण बोललं. ज्याच्या नावाने ते दोनशे रुपये मागितले जात होते, त्याला त्यातले किती मिळत होते, हा प्रश्न मागेच राहिला. तो प्रश्न आपल्या खात्याचा आहे.

टीपचा पैसा हॉटेलात कसा फिरतो ते सांगतो. बहुतेक ठिकाणी गल्ल्याजवळ एक डबा असतो. दिवसभराची टीप त्यात पडते आणि रात्री किंवा आठवड्याने वाटली जाते. वाटणी पॉइंटवर होते. कॅप्टनचे पॉइंट जास्त, वेटरचे त्याहून कमी, टेबल पुसणाऱ्याचे आणखी कमी. या पद्धतीला माझा विरोध नाही. भटारखान्यात उभ्या असलेल्या माणसाला आणि भांडी घासणाऱ्याला ग्राहक कधी पाहत नाही, पण जेवण चांगलं झालं त्यात त्यांचाही हात असतोच. वाटणी होण्याआधी डब्यातून काय काय जातं, तिथे खरी गोम आहे. मी ज्या एका ठिकाणी काम केलं तिथे ग्लास फुटला की पैसे डब्यातून जायचे. गिऱ्हाईक बिल न देता निघून गेलं, तरी डब्यातून. कार्ड मशीनचं कमिशनसुद्धा डब्यातून. महिनाअखेरीला मॅनेजर एका कागदावर आकडा लिहून दाखवायचा आणि तो कागद फाडून टाकायचा. हिशेब विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातली टेबलं मिळायची, जिथे फारसं कुणी बसत नसे.

आता यात कायद्याची पोकळी कुठे आहे, ते पाहा. मालकाला पगारातून नुकसान कापायचं असेल, तर वेतन संहिता, २०१९ त्यावर अटी घालते. नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असायला हवं आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी. टीपच्या डब्याला यातलं काहीच लागू होत नाही, कारण टीप हा पगार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. प्रश्न आयकराचा होता: हॉटेलाने ग्राहकांकडून टीप गोळा करून कर्मचाऱ्यांना वाटली, तर ती पगार समजून मालकाने कर कापायचा का? कोर्टाने म्हटलं, नाही. हा पैसा ग्राहकाचा आहे, मालक तो विश्वस्त म्हणून सांभाळतो आणि पुढे देतो. पण टीप मालकाकडून मागण्याचा निहित हक्क कर्मचाऱ्याला नाही, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे मालक विश्वस्त आहे, पण त्याने विश्वस्तासारखं वागलंच पाहिजे, अशी सक्ती करणारा कामगार कायदा नाही. हा दोष कोर्टाचा नव्हे. कर कुणी कापायचा एवढंच त्याला ठरवायचं होतं. उरलेलं काम विधिमंडळाचं आहे.

टीप पगार नसल्याचे आणखीही परिणाम आहेत. तिच्यावर भविष्य निर्वाह निधी धरला जात नाही, ग्रॅच्युइटीत ती येत नाही. बँकेत कर्जाला गेलेल्या वेटरच्या हातातली पगाराची पावती त्याच्या खऱ्या कमाईपेक्षा लहान असते. आजारी पडला की टीप त्याच दिवशी थांबते. म्हणूनच पगार कमी ठेवून ‘वरची कमाई आहे ना’ असं नोकरी देताना सांगणाऱ्या मालकांचं मला कधी पटलं नाही. वरची कमाई देणारा मालक नसतो, ग्राहक असतो.

यूपीआय आल्यापासून तर हे आणखी अवघड झालं आहे. पूर्वी बिलाचं फोल्डर परत जायचं तेव्हा त्यात बडीशेप आणि सुट्टे असायचे. गिऱ्हाईक त्यातल्या नोटा उचलायचं, उरलेलं तसंच राहायचं. आता सगळे क्यूआर कोड स्कॅन करतात. ही सोय चांगलीच आहे, मीही वापरतो. पण ते पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात. एखादा भला माणूस बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त टाकतो आणि वेटरकडे पाहून ‘ते तुला’ म्हणतो. गल्ल्यावरचा स्पीकर पूर्ण रक्कम मोठ्याने सांगतो, वेटर ती ऐकतो, मान लववून ‘थँक यू’ म्हणतो. ते पन्नास रुपये त्याला मिळतीलच, असं तो कुठल्या आधारावर म्हणू शकतो? चांगला मालक रात्री देतो. असे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कामगाराचा पैसा मालकाच्या चांगुलपणावर सोडायचा असता, तर किमान वेतनाचा कायदा तरी कशाला हवा होता?

बाहेरच्या देशांकडे पाहायचं तर दोन उदाहरणं समोर ठेवण्यासारखी आहेत. अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याचा किमान रोख दर ताशी २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान दर ७.२५ डॉलर. मधली तफावत टीपने भरून निघते असं धरलं जातं, न निघाल्यास मालकाने भरायची. परिणामी तिथल्या ग्राहकावर पंधरा-वीस टक्क्यांचं ओझं आलं आणि वाढणारा ग्राहकाच्या मर्जीवर जगू लागला. त्यातही स्त्रियांचे हाल जास्त होतात. टेबलावर कुणी नको ते बोललं तरी हसून घ्यावं लागतं, कारण घरभाडं त्याच टेबलावरून यायचं असतं. चांगल्या सेवेला चांगली टीप मिळते, हा समजही तितकासा खरा नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे. सेवेचा दर्जा आणि टीपची रक्कम यांचं नातं त्यांना फार क्षीण आढळलं. मला याचं नवल वाटलं नाही. एकाच टेबलाला तेवढ्याच खेपा मारून, तेवढंच हसून महागड्या जेवणावर जास्त टीप मिळते आणि साध्या जेवणावर कमी. टक्केवारी श्रम मोजत नाही, बिल मोजते. त्या रस्त्याने आपण जाऊ नये.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. तिथे टीपच्या वाटपाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. टीप असो की सेवाशुल्क, कायद्याने आवश्यक कर वगळता सगळी रक्कम मालकाने कामगारांना द्यायची, तीही पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. वाटणीचं लेखी धोरण ठेवायचं, नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि कामगाराने मागितल्या तर दाखवायच्या. मालकाने किती टीप गोळा करावी किंवा ग्राहकाने किती द्यावी, याबद्दल त्यात काही नाही. आलेला पैसा कुणाचा, एवढंच ठरवलं आहे. आपल्याला एवढंच हवं आहे.

महोदय, कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राइतकाच राज्यालाही कायदा करता येतो, तेव्हा हे दिल्लीने करावं असं उत्तर येऊ नये, ही विनंती. ज्यांना एक असा ठरलेला मालक नाही, त्या हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणारं हे राज्य आहे. कुणाच्या तरी मर्जीवर चालणाऱ्या कमाईला हिशेबात आणणं इथे नवीन नाही.

विधेयकात ग्राहकावर कसलीही सक्ती नको, टक्केवारी तर मुळीच नको. मात्र ग्राहकाने रोख, कार्डाने किंवा यूपीआयने बिलाहून जास्त दिलेला प्रत्येक रुपया कामगारांचा आहे आणि त्यातून फूटतूट, बुडालेलं बिल किंवा मशीनचं कमिशन कापता येणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. बिलावर टीपसाठी वेगळी, कोरी ओळ असावी. ग्राहकाला वाटलं तर तो आकडा भरेल, म्हणजे पन्नास रुपये कुणासाठी होते याचा पुरावा राहील. वाटणीचे पॉइंट भिंतीवर लावावेत, भटारखान्यातल्यांचा त्यात वाटा असावा, मालकाचा आणि मॅनेजरचा नसावा. टीप दाखवून किमान वेतनात सूट घेता येणार नाही, हेही आताच पक्कं करून ठेवावं.

मालकांची अडचण मला कळते. जागेचं भाडं, गॅस, कच्चा माल, सगळंच चढतं आहे आणि लहान हॉटेलवाल्याला नोंदवही हा एक नवा ताप वाटेल. खर्च भागत नसेल तर मेन्यूकार्डावरचे दर वाढवण्याची त्यांना पूर्ण मोकळीक आहे. गिऱ्हाईक दर पाहून बसतं किंवा उठून जातं, त्यात कुणाची फसवणूक होत नाही. आणि नोंदवहीचं म्हणाल, तर उधारीची वही प्रत्येक गल्ल्यावर बिनचूक ठेवली जाते. टीपची वही तिच्याहून अवघड नाही.

मसुदा तयार झाल्यावर आपण हरकती आणि सूचना मागवाल, तेव्हा मालकांच्या संघटना येतीलच. त्यांच्याबरोबर वेटर, हेल्पर आणि भांडी घासणाऱ्या बायकांनाही बोलवा. ती बैठक दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान ठेवा. दुपारची आणि रात्रीची गर्दी यांच्या मधे हॉटेलातल्या माणसाला तेवढाच वेळ मोकळा असतो.

आपला नम्र,
हॉटेलातला एक माजी कॅप्टन