गीझरला तो पाईप लावू नको

धुळे, रविवार रात्र

प्रिय संजू,

तुझा फोटो पाहिला अन् लगेच लिहायला बसलो भो, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बाथरूम झक्कास झालंय, टाईल्स वहिनींनी निवडलेल्या दिसताहेत. पण गॅस गीझरच्या डोक्यावर बोअरचा उरलेला पीव्हीसी पाईप बसवून धूर बाहेर काढायचं तुझ्या प्लंबरने ठरवलंय ना, ते करू नको. खरंच नको.

तू म्हणतो मेहुण्याच्या अमेरिकेतल्या घरी गीझरला पांढरा प्लास्टिकचाच पाईप आहे, मग आपल्याला का नाही. अरे त्याचं मशीनच वेगळं आहे, कंडेन्सिंग म्हणतात त्याला. ते धुरातली उष्णतासुद्धा पाण्यात ओढून घेतं, म्हणून बाहेर पडणारा धूर ४०-५० डिग्रीचा असतो आणि पंखा तो ढकलतो, तेव्हा कुठे कंपनी प्लास्टिक चालेल असं मॅन्युअलमध्ये लिहून देते, कोणता पाईप, किती लांब, किती एल्बो (वळणाचे तुकडे), सगळं. आपला ६ लिटरचा साधा गीझर, त्याचा धूर १५० डिग्रीच्या वर जातो आणि पीव्हीसी ६० च्या पुढे मऊ पडायला लागतो, गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाईप फार तर ९० पर्यंत टिकतो. तुझा शेतातला पाईप पाण्याच्या प्रेशरसाठी बनवलाय रे, धुरासाठी नाही.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच पाईप लावला होता, एका प्लंबरने, मीच हो म्हटलं होतं. डिसेंबरची थंडी, तुला माहितीये धुळ्याची, खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर आईने थर्माकोल लावलेला. पुतणी आंघोळीला गेली ती बाहेरच येईना, हाका मारल्या, आवाज नाही, शेवटी दाराची कडी तोडली. गॅलरीत नेऊन झोपवलं तेव्हा थोड्या वेळाने डोळे उघडले, मग दवाखाना, ऑक्सिजन. वर बघितलं तर एल्बो पिवळा पडून खाली वाकलेला, जॉइंट उघडा. सगळा धूर आत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. ती बरी झाली पण तो कडी तोडायचा आवाज मला अजून येतो.

आणि हवेचा हिशोब बघ. एक किलो गॅस जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते, तुझं ५ बाय ७ चं बाथरूम सगळं मिळून ९ घनमीटर. दार बंद, खिडकी बंद, हवा आणायची कुठून? त्यात एक्झॉस्ट फॅन लावला तर तो वर जाणारा धूरच उलटा आत ओढू शकतो.

फोटोत तुझ्या गीझरवर नुसती जाळी दिसतेय, कॉलर नाही, म्हणजे पाईप जोडायची सोयच दिलेली नाही. त्यामुळे सरळ मागच्या उघड्या गॅलरीत लाव, आत फक्त गरम पाण्याची लाईन घे, ७-८ फूट जास्त सीपीव्हीसी लागेल एवढंच. सिलेंडर पण बाहेरच ठेव.

आणि मेहुण्यासारखं मशीन कधी घेतलंसच तर लक्षात ठेव, तिथं धुराच्या पाईपाचा उतार मशीनकडे ठेवतात, मीटरला २ सेंटीमीटर, म्हणजे धुरातली वाफ थंड होऊन पाईपात साठलेलं आंबट पाणी परत येऊन ड्रेनमधून जातं. पाईप सरळ कापायचा, कडा घासायच्या, प्रायमर, मग सॉल्व्हेंट (पाईप चिकटवायचं सिमेंट), आत ढकलून पाव वेढा फिरवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता दाबून बसवलेला जॉइंट चालत नाही, सिलिकॉनही नाही. क्लॅम्प चार-चार फुटांवर, आणि तोंड खिडकीपासून लांब.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो, तोवर गीझर चालू करू नको आणि प्लंबरला थांबव, मी त्याच्याशी बोलतो. वहिनींना म्हणावं भरीत करा, वांगी मी आणतो.

तुझा,
दिल्या