लॉगिन झालं म्हणजे सिक्युरिटी झाली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत मागे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फुल स्टॅक (म्हणजे स्क्रीनपासून सर्व्हरपर्यंत सगळं शिकवणाऱ्या) कोर्सवर लेख आला होता, तो आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांनी वाचला, कारण निम्म्या लोकांचं पोट जावावरच चालतं. लेख वाईट नव्हता, स्प्रिंग बूट, हायबरनेट, रिअ‍ॅक्ट, मायक्रोसर्व्हिसेस अशी तंत्रांची सगळी नावं आली, पॅकेज आली, फी आली, फक्त सिक्युरिटीबद्दल एक ओळ नाही. पण लेखकाला तरी काय बोलणार, कोर्समध्येच नसेल तर लेखात कुठून येणार. बऱ्याच क्लासच्या सिलॅबसमध्ये अगदी शेवटी 'स्प्रिंग सिक्युरिटी आणि जेडब्ल्यूटी' असं एक लेक्चर असतं (स्प्रिंग सिक्युरिटी म्हणजे कुणाला आत सोडायचं ते बघणारा तयार कोड, जेडब्ल्यूटी म्हणजे लॉगिननंतर मिळणारं टोकन, डिजिटल ओळखपत्रच) आणि बॅच मागे पडली की पहिलं तेच उडतं, कारण पुढे मॉक इंटरव्ह्यू आणि रेझ्युमे असतो, तो कसा उडवणार.

मी बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर, काम करतो आणि फ्रेशर्सचे इंटरव्ह्यूही घेतो. पोरं हुशार असतात, मेहनती असतात, लॅपटॉप उघडून प्रोजेक्ट चालवून दाखवतात, हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर स्टुडंट मॅनेजमेंट, लॉगिन होतं, टोकन येतं, यादी दिसते. मग मी एकच गोष्ट करायला सांगतो. एका पेशंटच्या नावाने लॉगिन कर, त्याचा रिपोर्ट उघड, आता पत्त्यात शेवटी जो नंबर दिसतोय तो एकाने वाढव. दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट समोर येतो, नाव, वय, आजार, मोबाइल नंबर सगळं. पोरगं क्षणभर गप्प बसतं आणि मग म्हणतं, सर पण लॉगिन तर आहे ना.

इथेच सगळी गडबड आहे. लॉगिनने फक्त कळतं की हा माणूस कोण, त्याने कुठली नोंद बघायची हे लॉगिन सांगत नाही, तो वेगळा प्रश्न आहे आणि तो सर्व्हरला दर रिक्वेस्टला विचारावा लागतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीने यासाठी दोन वेगळे नंबर ठेवलेत, ४०१ म्हणजे तू कोण ते आधी सांग, ४०३ म्हणजे तू कोण ते कळलं पण हे तुझ्यासाठी नाही. क्लासमध्ये दोन्ही एका वहीत लिहून घेतात आणि कोड मात्र पहिल्याचाच शिकवतात. कोडमध्ये फरक किती आहे म्हणाल तर एका ओळीचा, आयडीवरून नोंद काढण्याऐवजी आयडी आणि मालक दोन्ही जुळणारी नोंद काढायची, आणि मालक कोण ते ब्राउझरने पाठवलेल्या डेटातून नाही घ्यायचं तर सर्व्हरने तपासलेल्या लॉगिनमधून घ्यायचं. काही जण यावर म्हणतात की मग १, २, ३ असे नंबर नको, लांबलचक युयूआयडी, म्हणजे आकडे-अक्षरांचे वेडेवाकडे आयडी, वापरू. वापरा की, अंदाज लावणं अवघड होतं हे खरं, पण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी फॉरवर्ड केली की तो आयडी उघडाच झाला, तपासणी करावीच लागते. हे काही माझं खूळ नाही, ओवास्प नावाची संस्था वेब अ‍ॅपमधल्या धोक्यांची यादी काढते, २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर हेच होतं, आणि एपीआयसाठी, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या दारांसाठी, त्यांनी २०१९ मध्ये आणि परत २०२३ मध्ये जी वेगळी यादी काढली त्यातही पहिला नंबर याचाच. म्हणजे जगातली एक नंबरची चूक आणि आपल्याकडे ती सिलॅबसमध्ये नाही.

दुसरा प्रकार तर अजून मजेशीर. रजिस्ट्रेशनचा फॉर्म असतो, नाव, ईमेल, पासवर्ड. पोरं काय करतात, डेटाबेसच्या टेबलसाठी बनवलेला जो यूझर क्लास (इथे क्लास म्हणजे कोडमधला साचा, शिकवणी नव्हे) तोच थेट रिक्वेस्ट बॉडीत, म्हणजे ब्राउझरकडून येणाऱ्या डेटासाठी, घेतात, कारण यूट्यूबवर तसंच दाखवलेलं असतं आणि कोड कमी लागतो. आता त्या क्लासमध्ये रोल (म्हणजे अधिकार) नावाचं पण एक फील्ड आहे. स्क्रीनवर ते दिसत नाही, पण पोस्टमन नावाच्या रिक्वेस्ट पाठवायच्या टूलमधून जेसन या डेटाच्या फॉरमॅटमध्ये 'रोल : अ‍ॅडमिन' अशी एक ओळ जास्तीची टाकली की जेसन वाचणारा जॅक्सन ती गुपचूप भरतो, डेटाबेसमध्ये लिहिणारं हायबरनेट गुपचूप सेव्ह करतं आणि नवीन आलेला माणूस थेट अ‍ॅडमिन. फॉर्मसाठी वेगळा छोटा क्लास करायचा, ज्याला सगळे डीटीओ म्हणतात, तो का करायचा हे विचारलं की उत्तर येतं 'सर बेस्ट प्रॅक्टिस आहे'. बेस्ट प्रॅक्टिस कशासाठी ते कुणी सांगितलेलंच नसतं.

एसक्यूएल इंजेक्शनवर, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला आपला हुकूम घुसवण्यावर, फार लिहीत नाही, ते नाव तरी सगळ्यांना पाठ असतं. पण शिकवायची एक सोपी युक्ती सांगतो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, जर स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडून जोडून बनवली असेल तर हॅकर वगैरे कुणी लागतच नाही, वसईचा किंवा म्हापशाचा डिसोझा आडनावाचा माणूस पुरतो. इंग्रजीत त्याच्या आडनावात डीनंतर वरती स्वल्पविराम येतो (D'Souza), क्वेरी तिथेच तुटते आणि स्क्रीनवर एरर येते. ज्या फटीतून डिसोझांचा फॉर्म अडकतो त्याच फटीतून दुसरा कुणी अख्खं टेबल वाचू शकतो. प्रिपेअर्डस्टेटमेंट ही जावातली तयार सोय वापरली की नाव हे नाव म्हणूनच जातं, हुकूम म्हणून जात नाही. पहिल्याच जेडीबीसीच्या (जावातून डेटाबेसशी बोलण्याच्या) तासाला हे करून दाखवायला किती वेळ लागतो?

आता स्प्रिंग सिक्युरिटीचं बघा, कारण खरी माती तिथे होते. ही डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेला तयार कोड) पॉममध्ये, म्हणजे प्रोजेक्टला काय काय लागतं त्या यादीत, टाकली की ती आपोआप सगळे एंडपॉइंट, म्हणजे सर्व्हरची दारं, बंद करते आणि कन्सोलवर एक लांबलचक पासवर्ड छापते, की घ्या, याने लॉगिन करा. किती चांगली गोष्ट आहे, आधी सगळं बंद, मग विचार करून एकेक उघडायचं. पण पोरांचा कालपर्यंत चालणारा प्रोजेक्ट अचानक ४०१ द्यायला लागतो, सबमिशन उद्यावर आलेलं असतं, मग नेटवर शोधतात की हे बंद कसं करायचं, आणि सापडतात दोन ओळी, एक सीएसआरएफ डिसेबल (दुसऱ्या साइटवरून तुमच्या नावाने येणाऱ्या खोट्या रिक्वेस्ट अडवणारी तपासणी बंद) आणि दुसरी कुठलीही रिक्वेस्ट पर्मिट ऑल (सगळ्यांना आत सोड). पेस्ट केलं, चाललं, आता हात लावू नको. रेझ्युमेवर मात्र स्प्रिंग सिक्युरिटी ठळक अक्षरात.

सीएसआरएफ बंद करणं दर वेळी चूकच असतं असं नाही हां. टोकन हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टच्या वरच्या भागातून, जात असेल, कुकीचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेचा) संबंधच नसेल, तर बंद करायला हरकत नाही. पण लॉगिन सेशन कुकीवर चालत असेल तर दुसऱ्याच कुठल्यातरी वेबसाइटवरचं बटण तुमच्या नावाने तुमच्या बँकेला रिक्वेस्ट पाठवू शकतं, कुकी ब्राउझर स्वतःहून जोडून देऊ शकतो. हा फरक ज्याला सांगता येतो तो माझ्याकडे पास.

यात पोरांचा दोष थोडाच आहे हेही सांगायला हवं, कारण जावाच्या दुनियेत गेल्या काही वर्षांत फार उलथापालथ झालीये. जावा ईई, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कामांसाठीचं जावा, ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, नाव जकार्ता झालं, मग २०२० मध्ये कोडमधल्या पॅकेजांची (कोडच्या गठ्ठ्यांची) नावंच जावाएक्सवरून जकार्ता झाली, २०२२ च्या शेवटी स्प्रिंग बूट ३ आलं त्याला कमीत कमी जावा १७ लागतं, आणि त्याच वेळी स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून तो सेटिंगसाठीचा वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडाप्टर काढूनच टाकला ज्याच्यावर यूट्यूबचे ढीगभर व्हिडिओ उभे आहेत. आता त्याऐवजी सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन (सेटिंगचा नवा तुकडा) लिहायचा असतो. पोरगं जुना व्हिडिओ बघून नवीन व्हर्जनवर टाइप करतं, लाल रेघा येतात, वैतागतं, आणि मग वरच्या त्या दोन ओळी. शिकवणाऱ्यांनी आपल्या नोट्स दर वर्षी बदलल्या पाहिजेत, फी तर दर वर्षी बदलतेच.

जेडब्ल्यूटीबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलाय की टोकन म्हणजे काहीतरी कुलूपबंद वस्तू. टोकनचे तीन तुकडे असतात, मध्ये टिंबं, त्यातला मधला तुकडा नुसता बेस ६४ या उघड्या लिपीत लिहिलेला असतो, कुणीही उलटा करून वाचू शकतो. तिसरा तुकडा सही आहे, म्हणजे मजकूर बदलला तर कळतं, पण मजकूर लपत नाही. आणि पोरं त्यात मोबाइल नंबर टाकतात, एकाने तर आधार नंबर टाकला होता. वर सहीची गुप्त किल्ली अ‍ॅप्लिकेशन प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये आणि ती फाइल गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी उघडी. सांगितलं की लगेच डिलीट करतात, पण जुन्या कमिटमध्ये (आधी साठवलेल्या प्रतीत) ती तशीच दिसते, किल्लीच बदलावी लागते.

आणि लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जेचं प्रकरण झालं तेव्हा जगभरचे जावावाले रात्ररात्र जागले. लॉग लिहिणारी साधी लायब्ररी, पण लॉगमध्ये एक खास प्रकारचा मजकूर आला की ती जेएनडीआय या जावाच्या शोधायच्या सोयीमार्फत बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन तिथून कोड आणून चालवायची, म्हणजे चॅटमध्ये एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात, माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये लोकांनी हे केलंही. धोक्याला १० पैकी १० गुण मिळाले होते. पण खरा घाम कशाने फुटला तर आपण ती लायब्ररी वापरतो की नाही हेच अनेकांना माहीत नव्हतं, कारण ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून येते. मेव्हन या प्रोजेक्ट बांधायच्या टूलला एक कमांड दिली की डिपेंडन्सीचं अख्खं झाड दिसतं, ती कमांड माहीत असलेला फ्रेशर मला क्वचितच भेटतो. आणि त्याच्या आधी २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्स या क्रेडिट रिपोर्टवाल्या कंपनीचं झालंच होतं, अपाचे स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कची दुरुस्ती मार्चमध्ये आली, यांनी एका पोर्टलवर ती लावली नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि साधारण १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. तिथे नवीन कोड कुणी चुकीचा लिहिला नव्हता, जुना तसाच पडून होता.

कंपन्याही यात कमी नाहीत, आमच्यासकट. इंटरव्ह्यूत हॅशमॅप आतून कसा चालतो, स्ट्रिंग इम्युटेबल का, हेच पुस्तकी प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात, मग क्लासवाले तेच घोकून घेणार, त्यांचा धंदा आहे. आम्ही प्रश्न बदलले तर सिलॅबस आपोआप बदलेल असं माझं मत आहे.

हे सगळं पेपरात कशाला, असं वाटेल तुम्हाला. तर मोठ्या कंपनीत निदान कोड रिव्ह्यू असतो, टेस्टिंग असतं, कुणीतरी पकडतं. पण आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्था, शाळा, दवाखाने, हाउसिंग सोसायट्या अ‍ॅप बनवून घेतात ते याच नुकत्या कोर्स संपवलेल्या पोरांकडून, ओळखीतला आहे, स्वस्तात करून देतो म्हणून. तिथे मधे तपासणारं कुणी नसतं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जबाबदारी अ‍ॅप बनवणाऱ्या पोरावर नाही, ज्या संस्थेने लोकांची माहिती गोळा केली तिच्यावर येते. किती पतसंस्थांच्या संचालकांना हे ठाऊक असेल? अ‍ॅपची डिलिव्हरी घेताना त्यांनी दोन सभासदांच्या नावाने लॉगिन करून, पहिल्याच्या पासबुकची लिंक दुसऱ्याच्या लॉगिनमधून उघडून बघावी, कोडिंग यायची गरज नाही.

पुढच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी एवढं छापता आलं तर बघा. ओवास्पचं वेबगोट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जावातच लिहिलेलं, मुद्दाम भोकं ठेवलेलं, आपल्या लॅपटॉपवर चालवायचं आणि वर लिहिलेल्यातले बरेच प्रकार स्वतःच्या हाताने करून बघायचे. फक्त आपल्या लॅपटॉपवर हां. हे शिकलं की हात शिवशिवतात, कॉलेजच्या रिझल्टच्या साइटवर नंबर बदलून बघावंसं वाटतं, तर ते करू नका, परवानगीशिवाय केलं तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कुठल्या सरकारी किंवा महत्त्वाच्या साइटवर चुकून असं काही दिसलंच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ईमेलने कळवता येतं.

आपला,
एक जावावाला वाचक, चिंचवड